हंगामी अध्यक्ष आणि आमच्या घरची मतं

आमच्या ह्यांचं राजकारण आभारापासून सुरू झालं. खोटं नाही सांगत. सभा कोणाचीही असो, भाषण कोणीही ठोको, शेवटी उठून आभार मानायचे ते ह्यांनी. आवाज असा, की बोडीच्या, म्हणजे आमच्या गावतळ्याच्या, ह्या काठावर बोलले तर त्या काठावरची म्हैस मान वर करायची. आणि आभार मानणाऱ्या माणसाचा राग कोणाला येतो? मंडप घालणाऱ्याचे आभार, पाणी आणणाऱ्याचे आभार, आलेल्यांचे आणि न आलेल्यांचेसुद्धा. लोक उठून चपला शोधायला लागत, तरी ह्यांचे आभार चालूच.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत. गडचिरोली ही चांदा जिल्ह्यातलीच एक तहसील होती, आणि राज्याची राजधानी होती नागपूर. आमचं गाव चांद्याहून छोट्या लाइनच्या गाडीनं आणि मग बैलबंडीनं जायच्या वाटेवर. चहूकडं जंगल, मधे धानाची शेतं. बांध घातलेल्या धानाच्या शेताला आमच्याकडं बांधी म्हणतात. पक्ष कोणता होता ते मी सांगणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक, बाकीच्यांनी उगाच पोटात दुखवून घेऊ नये.

तर झालं काय, जिल्ह्याच्या अध्यक्षांचं आणि चिटणीसांचं भांडण झालं. कशावरून? जीपमधे पुढं कोणी बसायचं ह्यावरून. अध्यक्ष राजीनामा देऊन मोकळे. लगेच पक्षाचे दोन गट पडले, आणि एका गटाला चालेल तो माणूस दुसऱ्याला चालेना. शेवटी कोणीतरी म्हणालं, "नवा निवडेपावतर आभारवाल्या भाऊले बसवा. त्याचं कोनाशीच वाकडं नाई." हे आभार मानायला म्हणून उठले होते, ते अध्यक्ष होऊन बसले. हंगामी अध्यक्ष.

घरी आले ते दारातूनच ओरडत आले. "आयकलं का? मी जिल्ह्याचा अध्यक्ष झालो!"

मी तांदूळ पाखडत होते. म्हटलं, "खायला काय देतात?"

"अवो, मान देतात मान!"

"तो शिजवायचा कसा ते पण विचारून यायचं होतं."

ह्यांना माझं बोलणं कधी लागत नसे. तोच एक गुण पाहून मी ह्या घरात नांदले. दुसऱ्या आठवड्यात चांद्याहून जाकीट शिवून आलं. दारावर पाटी लागली. रंगाऱ्यानं 'अध्यक्ष' हा शब्द पाटीभर लिहिला आणि 'हंगामी' कोपऱ्यात कोंबला. आमची शेळी बरोबर त्याच कोपऱ्याला शिंगं घासायची. महिन्याभरात 'हंगामी' पुसलं गेलं आणि ह्यांनी ते पुन्हा काही लिहून घेतलं नाही.

मग सुरू झाले दौरे. पहिल्याच दौऱ्यात राजुऱ्याला जाऊन दणदणीत भाषण करून आले. राजुरा तेव्हा आपल्या जिल्ह्यातच काय, आपल्या राज्यातही नव्हतं. ते होतं हैदराबादकडं. मी म्हटलं, "दुसऱ्याच्या वावरात कशाला नांगर घातला?" तर म्हणतात, "माणसं तं आपलीच होती. टाळ्या भल्ल्या वाजवल्या बाप्पा." एकदा पार सूरजागडच्या डोंगराखाली जंगलातल्या गावी गेले. तिथल्या म्हाताऱ्या गोंड मुखियाला ह्यांनी समजावून सांगितलं की मी अध्यक्ष आहे, पण हंगामी आहे. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, ह्यांना पाटावर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं, आणि म्हणाला, "पक्का होशीन तवा बी ये. तवा कोंबडा कापू." ह्यांना त्या दिवशी भाजीभातावर भागवावं लागलं. त्या कोंबड्याचं ह्यांच्या मनाला फार लागलं. मला वाटतं, कायमचा अध्यक्ष व्हायची हाव तिथूनच शिरली.

आणि घरी? घरी माझी धर्मशाळा झाली होती. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! रोज माणसं. दोन्ही गटांची. एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण जेवायला एकाच घरी. एका गटाला पुढच्या सपरीत वाढायचं, दुसऱ्याला मागं गोठ्याशेजारी. लाखोळीची डाळ इकडं कमी पडली तर तिकडचे खूश, आणि तिकडं सुकसी, म्हणजे सुकी मासळी, जास्त गेली तर इकडचे रुसून बसलेले. एक गृहस्थ तर तीन दिवस राहिले आणि जाताना म्हणाले, "वहिनी, मी तुमच्या मालकाच्या विरोधात आहो, हे लक्षात असू द्या." मी म्हटलं, "पहिल्या दिवशी सांगायचं होतं, म्हणजे मीठ तसं घातलं असतं."

हे सगळं मी सोसलं. पण एके दिवशी गावचे माजी मालगुजार, म्हणजे जुने जमीनदार, आमच्या बोडीखालच्या बांधीच्या धुऱ्यावरून, बांधावरून, फिरताना दिसले. मागं हात बांधून, इकडून तिकडं, तिकडून इकडं. असं फिरणं म्हणजे विकत घेणाऱ्याचं फिरणं, हे कोणी सांगायला लागत नाही. मी तशीच घरी आले.

"मालगुजार आपल्या बांधीत काऊन फिरून राह्यला?"

हे जाकिटाच्या गुंड्या लावत होते. माझ्याकडं न पाहता म्हणाले, "पहा, अध्यक्षानं जिल्ह्याच्या गावी राह्यलं पायजे. चांद्याले परकोटाच्या आत एक घर हाय. पक्का झालो का बोडीखालची बांधी मालगुजाराले देऊन टाकू, ते घर घेऊ, अन् जाऊ."

ती बांधी! लग्न होऊन आले तेव्हा तिथं नुसता मुरूम होता. सासूबाईंनी आणि मी टोपल्या टोपल्या गाळ बोडीतून उचलून तिथं टाकला. पहिल्या रोवण्याला माझ्या पोटात थोरली होती. त्या बांधीत कुठं पाय किती खोल जातो, हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. मी रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. पण ह्यांना अबोला कळायला हे घरी नको का? हे दौऱ्यावर. परत आले तेव्हा मीच कंटाळून बोलायला लागले होते.

तर आता पक्क्या अध्यक्षाची निवडणूक आली. एका गटानं चांद्याचे एक वकील उभे केले. दुसऱ्या गटाला वकिलापुढं टिकेल असा माणूसच सापडेना, म्हणून त्यांनी आमच्या ह्यांना धरलं. त्याच सुमारास वरून हुकूम आला की मतं देणाऱ्यांमधे बाया पण पाहिजेत. बाकीच्यांनी डोकं खाजवलं. ह्यांनी मात्र लगेच घरच्याच चौघी दिल्या: मी, माझ्या धाकट्या दोघी जावा आणि पुतणसून. "घरच्या मताले कोनाचा भेव नाई," म्हणाले.

मग मत कसं द्यायचं ह्यावर वाद. मागं एकदा हात वर करून झालं होतं, तर लोकांनी दोन दोन हात वर केले. त्याच्या आधी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तर माठात माणसांहून चिठ्ठ्या जास्त निघाल्या. तेव्हा आमच्या ह्यांनी हंगामी अध्यक्ष म्हणून तोड काढली. "उभं राह्याचं, खणखणीत आवाजात नाव घ्याचं, खाली बसाचं. ह्याच्यात लबाडी करून दाखवा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे घरी येऊन तीन वेळा मला ही गोष्ट सांगते झाले. मीही मान डोलावली. देवाशपथ, आमच्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात तेव्हा उजेड पडला नाही.

चांद्याला लाकडाच्या आडतीमागं एक मोठी धर्मशाळा होती, तिथं सभा भरली. जेठाचं ऊन. चांद्याचं ऊन म्हणजे काय ते ज्यानं खाल्लं त्यालाच ठाऊक. नागपूरच्या कचेरीतून एक निरीक्षक आले होते, मूळचे जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे, फार नेमाचे. हंगामी का होईना, अध्यक्ष म्हणून आमचे हे मधल्या खुर्चीवर. जाकिटात घामाघूम झालेले, पण काढतील तर शपथ. आम्ही चौघी खांबामागं बसलो होतो, कारण ह्यांच्यासमोर माझ्या जावांना बसता येत नव्हतं. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. भासऱ्यापुढं तोंड उघडं ठेवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि त्याचं नाव? राम राम! माझ्या जावा तर ह्यांचं नाव ज्या वारावरून पडलं तो वारसुद्धा तोंडानं उच्चारत नसत. त्या वाराला आमच्या घरात 'बाजाराचा दुसरा दिवस' म्हणत.

पुरुषांची नावं घेऊन झाली. मग बायांची पाळी. मधली जाऊ उठली, पदर हनुवटीपर्यंत ओढला, आणि तेव्हा, अगदी तेव्हा, माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. ह्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"बोलिए बहनजी, किसको मत?"

"आमच्या भासऱ्याले."

"नाम?"

"भासरे ना जी."

वकील ताडकन उभे राहिले. "हरकत आहे! भासरे ह्या सभेत पन्नास असतील. मीपण कोणाचा तरी भासरा आहे. नाव पाहिजे. हा नियम खुद्द अध्यक्षांनी केलेला आहे."

निरीक्षकांनी मान हलवली. मत बाद. आता धाकटी जाऊ उठली. ही हुशार. तिनं विचार करून ठेवला होता. म्हणाली, "बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचे!"

"बाजार?" निरीक्षक गोंधळले. "कौनसा बाजार?"

झालं! आमच्या गावच्या एकानं बाजाराचा वार सांगितला. त्यावर गडचिरोलीकडचे म्हणाले, आमचा बाजार त्या दिवशी नाही. सिरोंच्याकडचे म्हणाले, आमचा तिसऱ्याच दिवशी. धर्मशाळाभर आपापले बाजार सुरू झाले. कोणाच्या बाजारात मिरची चांगली इथपर्यंत गोष्ट गेली. तेवढ्यात एक म्हातारे सभासद, जे सकाळपासून झोपले होते आणि ज्यांचं नाव पण एका वारावरूनच होतं, ते खडबडून जागे झाले आणि ओरडले, "मले कायले ओढता बाप्पा? मी उभाच नाई!" निरीक्षकांनी टेबलावर हात आपटला. ते पण मत बाद.

पुतणसुनेनं तर तोंडच उघडलं नाही. तिनं पदरातून एक बोट बाहेर काढलं आणि ह्यांच्याकडं दाखवलं. निरीक्षक म्हणाले, "उँगली नहीं चलेगी." ती बसली ती मुसमुसायलाच लागली.

बेरीज करणारा मोठ्यानं म्हणाला, "वकीलसाहेब एका मतानं पुढं. एक बाई राह्यली."

ती एक बाई मी.

मी उठले. आता तुम्हीच सांगा, मी काय करावं? वकिलाचं नाव घ्यायला मला कोणाची आडकाठी नव्हती. ते घेतलं असतं तर हे पडले असते आणि माझी बांधी वाचली असती. नुसती गप्प उभी राहिले असते, तरी हे पडलेच असते. बांधी तर वाचलीच असती, वर सगळ्या जिल्ह्यात पतिव्रता म्हणून माझी वाहवा झाली असती. आणि नाव घेतलं, तर बराबरी व्हायची, खुर्चीतल्या माणसाचं जास्तीचं मत ह्यांनाच पडायचं, आणि बांधी गेली मालगुजाराच्या घशात. शिवाय बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आईनं, सासूनं, सगळ्यांनी कानात घातलेलं. मी बांधीचाच विचार करत होते. खरंच करत होते. माझी जीभ गप्प राहायचं ठरवूनच उभी होती.

तेवढ्यात वकील आपल्या शेजाऱ्याला म्हणाले, पण अशा आवाजात की सगळ्यांनी ऐकावं, "ज्यांना घरच्या माणसाचं नाव घेता येत नाही, त्या जिल्हा काय चालवणार? धाडा ह्यांना चुलीपुढं."

लोक हसले. माझी पुतणसून रडत होती आणि लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या चुलीवर ह्याच वकिलाची माणसं चार महिने गिळत होती! मागून कोणीतरी, चांगल्या मनानंच, ओरडलं, "वहिनी, उखाणा घ्या, उखाण्यात चालतं!" पण रागात यमक सुचतं का कोणाला? मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे मेळ्यात हरवलेल्या वासरासारखे बघत होते. मी पदर मागं सारला आणि ह्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव. पुढं नाही, मागं नाही, राव नाही, जी नाही. वर बापाचं नाव आणि आडनाव पण लावलं, म्हणजे हरकत नको.

माझ्या दोघी जावांनी कानात बोटं घातली. ह्यांचे तर कान लालभडक.

"बराबर," निरीक्षक म्हणाले. "अब अध्यक्षजी का निर्णायक मत."

हे उठले. घसा खाकरला. आणि सवयीनं आभारच मानायला लागले. मंडपवाल्याचे, पाणीवाल्याचे, निरीक्षकांचे, उन्हातान्हात आलेल्या बायांचे. ह्यांचा गट हार घेऊन तयार होता. मग हे थांबले. खाली पाहिलं. आणि वकिलाचं नाव घेऊन बसले.

जो गलका झाला म्हणता! हारवाल्यांना हार कुठं ठेवावा कळेना. "भाऊ, डोकं फिरलं का तुमचं?" "भाऊ, ऊन लागली का?" हे एकच बोलत होते, "आपलंच नाव आपल्या तोंडानं घ्यावं, हे काई बरं नाई दिसत." वकील तर इतके घाबरले की त्यांनी दोनदा विचारलं, नक्की मीच ना म्हणून.

गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. स्टेशनवर उतरलो, आमची बंडी आलेली होती. जावा मागच्या बंडीत बसल्या. दिवस कलायला लागला होता. बंडी जंगलाच्या वाटेला लागली आणि माझा बांध फुटला.

"जन्मात कधी घेतलं नाही ते चारचौघांत नाव घेतलं मी! पाप पदरात घेतलं! आणि तुम्ही ते मातीत घातलं? तेही त्या काळ्या कोटवाल्यासाठी? असंच करायचं होतं, तर मला तोंड उघडायला काऊन लावलं?"

हे बैल हाकत होते. जाकीट काढून मांडीवर ठेवलं होतं. मग म्हणाले, "तू उभी राह्यली तवा मले वाटलं, आता ही वकिलाचं घेते. तुही बांधी होती ना. मी म्हटलं, घेऊ दे, तिचं बरोबर हाय. तं तू माहं घेतलं." ह्यांनी जाकीट मागं टाकून दिलं. "मंग मी कोन्या तोंडानं तुही बांधी इकू?"

भांडायला बसलेल्या बाईला असं बोलू नये माणसानं. मी नुसतं म्हटलं, "पण वकील बसला ना खुर्चीवर."

"बसू दे. दोन्ही गटाचा सैपाक आता त्याच्या बायकोनं करावा."

मी हसले. इतकी हसले की बैलांनी कान टवकारले. हे पण हसले. मग हे जरा सरकून बसले आणि म्हणाले, "आनखी एक बार म्हन ना."

"काय?"

"तेच. सभेत म्हनलं ते."

"काही लाजबीज? मागून जावा येऊन राह्यल्या."

"त्या दूर हायेत."

मी मागं वळून पाहिलं. त्यांची बंडी नाल्याच्या पलीकडंच होती. मग मी घेतलं. हळूच. ह्यांनी ऐकलं, बैलांचा कासरा सैल सोडला, आणि तितकंच हळू माझं नाव घेतलं. माहेरचं, आईबापानं ठेवलेलं. लग्नानंतर मी कोणाची सून होते, कोणाची जाऊ, कोणाची आई, कोणाची वहिनी. ते नाव ह्या वाटेवर कोणी कधी घेतलंच नव्हतं. मला ओ द्यायला जरा वेळ लागला.